दुखतंय कुठे?

अंबड किंवा भोकरदनला बाजाराच्या दिवशी दवाखान्यातली गर्दी बघा. कोणी डोकं धरून बसलेलं. कोणी छाती चोळत. डॉक्टर विचारतात, दुखतंय कुठे? उत्तर येतं, पाठ. पित्त. झोप नाही. मोसंबीची बाग वाळली, हे मात्र कोणी सांगत नाही. मग गोळी मिळते. आठवड्याने तोच माणूस पुन्हा त्याच बाकावर.

दुसरा एक जण दवाखान्यात येतच नाही. कापूस विकला की जाऊ, म्हणतो. बीपीची गोळी केव्हाच संपलेली. ताण एकाला पुन्हा पुन्हा दवाखान्यात नेतो, दुसऱ्याला उंबऱ्यातच अडवतो. खरं सांगू? मला या दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने प्रेरणा प्रकल्प आणला, तो अशांसाठीच. आशाताई दारी येतात. विचारपूस करतात. दुखतंय कुठे?

मंडळी, हे आपणही विचारू शकतो. घरात कोणी गप्प गप्प असेल, तर चहा देताना विचारा. ‘काही नाही’ म्हणाले, तरी जरा बसा. आणि फारच जड वाटलं, तर मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा फोन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं. रात्रीही. पैसे लागत नाहीत.