तोटा कुणाच्या खात्यावर?

हंबनटोटाचं नाव घेतलं की आपल्याकडे वाद मिटतो. चीनने श्रीलंकेला कर्ज दिलं, ते फिटलं नाही, म्हणून चीनने बंदर गिळलं. तेव्हा परदेशी कर्ज नको, हवी ती परदेशी गुंतवणूक. हा निष्कर्ष आता अर्थतज्ज्ञही बिनदिक्कत काढतात. मला त्यात दोन घोटाळे दिसतात: एक वस्तुस्थितीचा, दुसरा इतिहासाचा.

पहिला लवकर उरकतो. २०१७ मध्ये चायना मर्चंट्स पोर्टने १.१२ अब्ज डॉलर मोजून ९९ वर्षांचा भाडेपट्टा घेतला. त्या पैशातून बंदराचं कर्ज फेडलं गेलं नाही. तो देशाच्या परकीय गंगाजळीत गेला आणि चिनी एक्झिम बँकेचं देणं सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. २०२२ मध्ये श्रीलंकेने हात वर केले तेव्हा परदेशी देण्यात सर्वांत मोठा वाटा खुल्या बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा होता.

दुसरा घोटाळा जुना आहे. दादाभाई नौरोजी आणि न्यायमूर्ती रानडे यांना आपण परक्या भांडवलाचे सरसकट विरोधक करून टाकलं आहे. रानड्यांनी तर १८९० मध्ये उलट सुचवलं होतं: सरकारने इंग्लंडमध्ये स्वस्त कर्ज काढावं आणि ते देशी उद्योगांना द्यावं. त्या पिढीचा एकूण हिशेब साधा होता. कर्ज एकदा फिटलं की धंदा आपला. परकी कंपनी मात्र नफा नेतच राहते. म्हणजे आज आपण ज्या क्रमाने घाबरतो, त्याच्या नेमकं उलट.

त्यांचा खरा राग होता रेल्वेच्या करारांवर. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशी करार झाला. जमीन फुकट, मुदत ९९ वर्षं आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. गाडीला उतारू मिळोत न मिळोत, तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायची. शिवाय सहा महिन्यांची नोटीस देऊन कंपनीने रेल्वे सरकारच्या गळ्यात घातली, तर घातलेलं भांडवलही परत. १८६७ मध्ये भोर घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला, तरी लंडनच्या भागधारकाच्या पाच टक्क्यांना धक्का लागला नाही. मग बांधकाम काटकसरीने करावं असं कुणाला वाटणार? पैसा हुगळीत फेकला काय आणि विटाचुन्यात घातला काय, गुंतवणाऱ्याला सारखंच, अशी साक्ष हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनीच १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे दिली. नावाला खासगी साहस, पण धोका सगळा रयतेचा. रेल्वेवरच्या टीकेचं मर्म इथे आहे. आपण ते 'रुळांना विरोध' म्हणून वाचतो.

स्वातंत्र्यानंतर जागतिक बँक आली, सोव्हिएत मदतीतून भिलाई उभं राहिलं. तो भाग सर्वांना ठाऊक आहे. १९९१ नंतर मात्र जुना करार नव्या वेषात परतला. दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी अमेरिकी एनरॉन कंपनीने कर्ज दिलं नव्हतं, 'गुंतवणूक' केली होती. तरीही वीज उचला न उचला, क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाने द्यायचे, दर डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. कर्जाला घाबरून गुंतवणुकीच्या कुशीत शिरणाऱ्यांनी हा प्रकल्प जिथे उभा राहिला त्या गुहागर तालुक्यात एक चक्कर मारावी.

कर्जातही प्रश्न हाच. बुलेट ट्रेनसाठी जपानने ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने कर्ज दिलं, तेव्हा ते जवळजवळ फुकट असल्याचं सांगितलं गेलं. फेड येनमध्ये आहे. येन वधारला किंवा प्रवासी कमी पडले तर तूट आपली. त्यामुळे प्रकल्प वाईट ठरत नाही. पण अशा प्रत्येक करारात देणारा कोणत्या देशाचा हे पाहण्याआधी हमीचं कलम वाचावं, आणि ते विधिमंडळात मांडल्याशिवाय सरकारने सही करू नये. एवढा नियम असता तर एनरॉनचा हिशेब आपण बुडाल्यावर नव्हे, बुडण्याआधी केला असता.