मरून सुटलेला विजय

अमिताभ बच्चन पडद्यावर किती वेळा मेला, याची मोजदाद आमच्या पिढीने बोटांवर केली आहे. 'आनंद'मध्ये (१९७१) तो दुसऱ्याचं मरण हताशपणे पाहणारा डॉक्टर होता. मग पाळी त्याची आली. १९७५ या एकाच वर्षी तो 'दीवार'मध्ये मेला आणि 'शोले'तही. 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८), 'शक्ती' (१९८२), 'अग्निपथ' (१९९०) ही यादी सगळ्यांना पाठ असते. यातले तिघे तर 'विजय' याच नावाने मेले.

हे मृत्यू आपल्याला इतके का आवडले? तो मरताना फार चांगला अभिनय करायचा, हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. मला वाटतं, त्याच्या मरण्याने आपली एका अवघड प्रश्नातून सुटका होत होती.

'दीवार'चा विजय तस्कर आहे. त्याने माणसं मारली आहेत. आई त्याचं घर सोडून जाते, शेवटी इन्स्पेक्टर असलेल्या धाकट्या मुलाच्या हाती पिस्तूल देते आणि स्वतः देवळात जाऊन थोरल्याची वाट बघत बसते. विजय गोळी लागलेल्या अवस्थेत तिथे पोचतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि संपतो. कायद्याचं देणं फिटलं, आईची मायाही शाबूत राहिली. 'अग्निपथ'मध्येही तेच. मांडव्याच्या दीनानाथ चव्हाण मास्तरांचा हा मुलगा गुंड झाला म्हणून आई त्याला जवळ करत नाही. जवळ करते ती तो मरायला टेकल्यावर. म्हणजे क्षमा आहे, पण तिची किंमत ठरलेली आहे. आधी मर, मग मांडी मिळेल.

समजा, विजय वाचला असता तर? पंधरा-वीस वर्षांनी तुरुंगातून सुटून, पिशवी घेऊन रवीच्या दारात उभा राहिला असता तर? तो सिनेमा कोणी काढला नाही. आमच्या घरात मात्र तो घडला.

माझे धाकटे काका एका पतपेढीत कॅशियर होते. त्यांनी ठेवीदारांच्या पैशांत हात घातला. ठेवीदार म्हणजे कोण, तर भाजी विकणाऱ्या बायका, एक निवृत्त शिपाई, आमच्याच आळीतली दोन घरं. काकांना तीन वर्षांची शिक्षा झाली. ते सुटून आले आणि त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. आजीने त्यांना घरात घेतलं. रोज त्यांचं ताट वाढलं. पण ते जेवत असताना ती समोर कधी बसली नाही. हीच आजी टीव्हीवर 'दीवार' लागला की शेवटी पदराने डोळे पुसायची. एकदा सिनेमा संपल्यावर ती मला म्हणाली, "तो मेला म्हणून रडायला येतं रे. आपला बापू जगला, त्याचं काय करायचं?"

त्या वेळी मला ते बोलणं निष्ठुर वाटलं होतं. आज वाटतं, त्या सिनेमावर इतकं नेमकं कोणी बोललं नसेल.

गुन्हेगाराच्या मृत्यूला आपण शिक्षा समजतो. पण मरणारा त्यानंतर काही फेडू शकत नाही, आणि मागे राहिलेल्यांनाही काही ठरवावं लागत नाही. 'शोले'तला जय मरतो, तेव्हा मैत्रीचा विजय होतो असं आपण म्हणतो. पण ठाकूर विधवा राधासाठी तिच्या वडिलांशी बोललेला असतो, ते लग्नही जयबरोबर संपतं. वीरू आणि बसंतीला संसार मिळतो, राधा खिडकी लावून घेते. ते लग्न लावण्याची आणि मग पचवण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येत नाही.

यावर कोणी म्हणेल, शोकांतिकेकडे असा जमाखर्च मागू नये. नायकाचा शेवट अटळ असतो. मग 'कुली'चं काय? २६ जुलै १९८२ रोजी बंगळुरूत चित्रीकरण करताना अमिताभला पोटात जबर मार लागला. तो मरणाच्या दारातून परत आला. देशभर लोकांनी देव पाण्यात ठेवले होते. मूळ पटकथेत इक्बाल मरणार होता. मनमोहन देसाईंनी शेवट बदलला आणि १९८३ साली पडद्यावरचा इक्बाल गोळ्या खाऊनही जगला. खरा माणूस जाता जाता राहिला, तेव्हा कथेतलं अटळ मरण टळू शकलं. म्हणजे ते मरण नियतीने लिहिलेलं नव्हतं. ते आपल्या सोयीने लिहिलेलं होतं.

इक्बालला वाचवणं सोपं होतं, कारण त्याने कोणाचं वाईट केलेलं नव्हतं. खरी परीक्षा विजयला वाचवण्यात होती.

काका सुटून आल्यावर एका पिठाच्या गिरणीत कामाला लागले. दर महिन्याला एका पाकिटात थोडे पैसे घालून ते एकेका ठेवीदाराकडे जायचे. काहींनी दार उघडलं नाही. एक भाजीवाली मावशी मात्र पैसे मोजून घ्यायची आणि दर वेळी म्हणायची, "अजून बाकी आहे." तिने त्यांना माफ केलं नाही, चहाही विचारला नाही. पण पुढच्या महिन्यात ते येतील, हे ती धरून चालायची. एकोणीस वर्षांत सगळ्यांचे पैसे फिटले नाहीत. काका गेले, तेव्हा कपाटात एक वही मिळाली. तीत नावं होती, काही खोडलेली, बरीच न खोडलेली.

पडद्यावरच्या विजयला अशी वही ठेवावी लागली नाही. त्याच्यासाठी मी आजही रडतो, ते खोटं नाही. पण नीतीचा प्रश्न तो मरतो तिथे संपतो, असं आता वाटत नाही. तो सुरू होतो एका वाढलेल्या ताटापाशी, जिथे समोर बसायचं की नाही हे कोणाला तरी रोज ठरवावं लागतं.

वही सध्या माझ्याकडे आहे. मावशींच्या नावापुढे साडेचारशे रुपये बाकी दिसतात. त्यांचा मुलगा अजून त्याच मंडईत बसतो.