वाचक कुठल्या वाटेनं येतो

फोनवर ‘गडचिरोली’ टाकून शोधलं की आधी चकमकीच्या बातम्या येतात. ‘चंद्रपूर’ टाकलं की ताडोबाच्या सफारीचं बुकिंग, वाघाचे फोटो आणि मे महिन्यातलं तापमान. इथल्या लाखो माणसांचं बाकीचं आयुष्य, म्हणजे धानाची रोवणी, मोहफुलं, तेंदूचा हंगाम, मामा (माजी मालगुजारी) तलाव, दिवाळीनंतरच्या मंडया, त्या पडद्यावर फार थोडं दिसतं. आणि इथली लिहिणारी तरुण मुलं भेटली की विचारतात, आमचं कुणी वाचत नाही, वाचक वाढवायचे कसे?

प्रश्न कळकळीचा आहे, म्हणून आज सकाळी त्याचाच विचार करू या. कोणत्या वेळी टाकलं की जास्त लोक बघतात, फोटो कोणता लावावा, शीर्षक किती चटपटीत असावं, असल्या युक्त्यांनी थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण त्या युक्तीनं आलेला माणूस दोन ओळी वाचून निघून जातो. वाचक थांबतो आणि परत येतो तो दुसरीकडे न मिळणारं काही मिळालं तर. यशस्वी कसं व्हावं यावर लिहिणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. तेच गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात बसून लिहिलं तर ते आपल्याकडे येऊन कुणी का वाचावं? वडशाचा माणूस इथल्या झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल लिहील, तर ते मात्र त्याच्याकडेच येऊन वाचावं लागेल.

असं काही सापडायचं तर आधी नीट बघावं लागतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. तसं पीक त्या वर्षी कितीतरी शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या आणि हे काम वर्षानुवर्षं चालवलं. त्यातून जो तांदूळ आला तो आज एचएमटी म्हणून ओळखला जातो. हे नाव त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडलं. त्याची ना जाहिरात झाली ना गाजावाजा. एका शेतकऱ्याचं पीक बघून दुसऱ्यानं बी मागून नेलं आणि तसंच ते जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर गेलं. दादाजी २०१८ साली गेले. तांदूळ घराघरांत पोचला, त्यांचं नाव मात्र फार थोड्या घरांत पोचलं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणूनच लिहिणाऱ्यानं आणखी एक पथ्य पाळावं. जी माहिती ज्याच्याकडून मिळाली, त्याचं नाव, त्याला चालणार असेल तर, पहिल्याच परिच्छेदात द्यावं. वाचकाचाही अशा लिखाणावर विश्वास बसतो.

शीर्षकाबद्दल बोलायचं तर गडचिरोलीतलं उदाहरण मला सगळ्यात मोठं वाटतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेतून काम करत आहेत. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांवरचा त्यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. गावं दोनच होती, पण तोवर दवाखान्यात न येणाऱ्या बायांच्या दारात जाऊन असं कुणी बघितलंच नव्हतं. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा अहवाल आला. अहवाल म्हटला की माणूस पान उलटतो. सरकारी कपाटांत असे कितीतरी पडून असतात. या अहवालाला नाव दिलं होतं ‘कोवळी पानगळ’. ते दोन शब्द वर्तमानपत्रांतून, सभागृहातून, घराघरांतून बोलले गेले आणि सरकारला बालमृत्यूंच्या मोजणीसाठी समिती नेमावी लागली.

मात्र हे काम एकट्या शीर्षकानं केलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यामागे गावोगाव घरी जाऊन, एकेका मुलाची नोंद करून काढलेले आकडे होते. आत ते नसते तर तेच दोन शब्द भडक वाटले असते, आणि एकदा फसलेला वाचक त्या दारात पुन्हा येत नाही. शीर्षक सुंदर असावं, पण आतल्या मजकुरापेक्षा एक पाऊलही पुढे जाऊ नये.

आता कुणासाठी लिहायचं ते. धान पिकवणारा माणूस रात्री फोन घेऊन शोधतो तेव्हा तो ‘धानाचा करपा’ असं टाकतो. आपण ‘भात पिकावरील बुरशीजन्य रोगांचे एकात्मिक व्यवस्थापन’ असं लिहून ठेवलं, तर आपलं लिखाण आणि त्याची गरज यांची गाठ पडायची कशी? इथे भात ताटात असतो, शेतात धान असतं. नावं अशी इथल्याच माणसांच्या तोंडची घ्यावीत. जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. पण नवेगावबांध तलावाच्या काठी राहून त्यांनी गोंड, ढिवर अशा रानातल्या-तळ्यातल्या माणसांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावं गोळा केली आणि तीच पुस्तकांत घातली. त्यांचं जंगल वाचणाऱ्याला खरं वाटतं याचं हे मोठं कारण आहे.

आणखी एक गोष्ट इथल्यासारखी दुसरीकडे क्वचितच जाणवेल. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या काही गावांत फोनला रेंज धड मिळत नाही. मोठमोठे फोटो आणि चित्रफिती लावलेलं पान तिथं उघडता उघडत नाही. साधा मजकूर उघडतो. म्हणून फोटो एखादा, तोही लहान, परिच्छेद आखूड, आणि मुख्य गोष्ट पहिल्या चार ओळींत. तारीखही न विसरता द्यावी. मागल्या वर्षीचा मोहफुलांचा भाव यंदाचा समजून कुणी बाजारात गेला तर त्याचं नुकसान होतं. जुन्या लेखात भाव किंवा नियम बदलला असेल, तर नवा लेख लिहिण्याआधी तो जुना दुरुस्त करावा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच फार जण करत नाहीत, आणि जे करतात त्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं येत राहतात.

लिहिलेलं सुधारायचं कसं, यासाठी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघावं. सामूहिक वनहक्क २००९ साली देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत हे गाव होतं, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही त्याच्या ग्रामसभेला मिळाला. या गावानं अभ्यासगट चालवले. कायदा असो की जंगलाचा प्रश्न, आधी बसून समजून घ्यायचा, शंका विचारायच्या आणि मग ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीनं ठरवायचं. लिहिणाऱ्यानंही आपला लेख बाहेर टाकण्याआधी असाच दोन-चार माणसांपुढे मोठ्यानं वाचावा. ऐकणाऱ्याची चुळबुळ जिथं सुरू होईल तिथं काटछाट करावी, तो जिथं “म्हणजे काय?” विचारेल तिथं उदाहरण घालावं. समोरच्याकडे बघत सुधारणं झाडीपट्टीच्या नटांकडून शिकावं. ही नाटकं रात्रभर चालतात आणि थंडीत जमिनीवर बसलेले हजारो लोक पहाटेपर्यंत उठत नाहीत. तिथल्या नटाला समोरचं माणूस कुठं रडतं आणि कुठं जांभई देतं ते त्याच रात्री कळतं. याच रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे अशा कितीतरी रात्री आहेत. आपल्याला वाचकाचा चेहरा दिसत नाही, म्हणून तर हे मोठ्यानं वाचणं जास्तच गरजेचं.

विषयांची तर वाण नाही. वनहक्काचा दावा करताना ग्रामसभेला कोणते कागद लागतात, हे साध्या मराठीत कुणीतरी लिहायला हवं. मामा तलावांची पाळ आणि पाट कुणी सांभाळायचे, हेही. आणि मोहफुलांचं. होळीच्या सुमाराला बाया उजाडायच्या आत मोहाखाली पोचतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, तिथूनच कधी वणवा पसरतो, आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात त्याच वेळी वाघही फिरत असतो. घोळक्यानं कसं जावं, वाकून फुलं वेचताना मागे लक्ष कुणी ठेवावं, पाचोळा न जाळता जाळी अंथरून फुलं कशी गोळा होतात, हे सगळं अनुभवी बायांना विचारून, त्यांच्याच बोलीत लिहा. आणि माघातच लिहून टाका. फाल्गुन लागला की गाव पहाटेच रानात गेलेलं असतं, तेव्हा वाचायला कुणाला सवड नसते.