रविवारची सुट्टी

लालबागच्या एका चाळीतल्या तरुणाला तिशीतच डॉक्टरांनी बजावलं, साखर काठावर आली आहे. दिवसभर ऑफिसातली खुर्ची, रात्री उशिराचं जेवण; दुसरं काय होणार? तो धावू लागला. पहाटे भारतमाता, हिंदमाता, दादर टीटी, टिळक पूल करत शिवाजी पार्क गाठायचं, कट्ट्याभोवती फेऱ्या मारायच्या. काही महिन्यांत पोट उतरलं, झोप गाढ लागू लागली, तपासणीत साखर खाली आली. धावण्याने त्याचं खरोखर भलं झालं, हे आधी सांगायला हवं.

मग त्याने जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव दिलं. तेही एकदम पूर्ण, ४२.१९५ किलोमीटर. आठवड्याला २५ किलोमीटर धावणारा गडी महिन्याभरात ६० वर गेला. खाडा म्हणून नाही. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये रोजचा आकडा टाकायचा असे.

नोव्हेंबरात उजवी नडगी दुखू लागली. आधी धावताना, मग जिना उतरताना, मग अंथरुणात पडल्या पडल्यासुद्धा. बाम चोळायचा, गोळी घ्यायची आणि पुन्हा निघायचं. आजोबा हे गॅलरीतून बघत होते. एका संध्याकाळी त्यांनी त्याला समोर बसवलं आणि नडगीवरून अंगठा दाबत खाली आणला. रुपयाएवढ्या एका जागी अंगठा टेकला आणि तो कळवळला.

"उद्या केईएमला जायचं," आजोबा म्हणाले.

एक्स-रेत काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये मात्र हाडातली बारीक चीर सापडली. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. धावताना दर पावलाला अंगावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. त्याने झिजलेलं हाड शरीर आधी काढून टाकतं. त्या जागी नवं भरायला आठवडे लागतात. तेवढी उसंत न देता भार वाढवत नेला की हाड चिरतं. सहा ते आठ आठवडे धावणं बंद.

"बस झालं ते धावणं, कायमचं सोड," आई म्हणाली.

आजोबांना ते पटलं नाही. "एक साचा बिघडला म्हणून कोणी गिरणीला टाळं लावतं का? त्याने धावायचंच. पण बाळा, सुट्टी घे. लोखंड्यांचं नाव ऐकलंयस? नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली. रविवारच्या सुट्टीसाठी वर्षानुवर्षं मालकांशी भांडले, तेव्हा कुठे १० जून १८९० ला ती मिळाली. अंग मोडून काम करणाऱ्यांनीच मागितलेली सुट्टी ती, आळशांनी नव्हे. तुझ्या डोक्यावर तर मालकही नाही. मग तुझी सुट्टी कापली कोणी?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या जानेवारीत तो धावला नाही. दुखणं थांबल्यावर आधी चालला, मग चालता चालता थोडं धावला. आता आठवड्यातून चार दिवस धावतो, अंतर बेताबेताने वाढवतो, रविवारी घरी असतो. पुढे त्याने अर्धी मॅरेथॉन पुरी केली. साखर ताब्यात आहे.

तुम्हीही धावत असाल आणि नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, बसल्यावरही थांबत नसेल, तर आजच धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिला एक्स-रे साफ आला म्हणून लगेच बूट चढवू नका; अशी चीर सुरुवातीला त्यात बहुधा दिसत नाही.