हिशेबातलं एक विमान

भिलाईच्या हुडको वसाहतीत राहणाऱ्या एका मुलीला शाळेसाठी नौदल दिनाचा तक्ता करायचा होता. 4 डिसेंबर तोंडावर आला होता. कार्डशीटवर तिने 'विक्रांत' ही विमानवाहू नौका मोठी काढली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'या जहाजात भिलाईचं पोलाद आहे!' 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला कारखान्यांनी मिळून त्यासाठी सुमारे 30,000 टन पोलाद पुरवलं आणि 2022 साली जहाज नौदलात दाखल झालं. प्लेट मिलमधून निवृत्त झालेले आजोबा ते वाचून सुखावले.

मग त्यांची नजर खालच्या चौकटीवर गेली. '1971चं युद्ध. कराचीवर हल्ला यशस्वी. आपलं नुकसान : खुकरी ही युद्धनौका, एक अलिझे विमान.'

"विमानात कोण होतं गं?"

"पुस्तकात एवढंच होतं, आजोबा."

आजोबा तिच्याशेजारी बसले. "9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही, म्हणून त्यांचं नाव तरी लोकांना ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी आपलं अलिझे अरबी समुद्रावर होतं. पाणबुड्या हुडकायचं, पंख्यावर चालणारं संथ विमान ते. त्याला गाठून पाडलं पाकिस्तानी स्टारफायटरने, ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या लढाऊ विमानाने. वैमानिक होते लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय. सोबत लेफ्टनंट सिरोही आणि विजयन. तिघंही परतले नाहीत. रॉय यांचं नाव पुढे बेपत्ता जवानांच्या यादीत राहिलं. समुद्राने माणूस परत दिला नाही की घरच्यांचं वाट पाहणं संपत नाही, बाळा."

मुलगी विचारात पडली. "पण त्यांनी काही बुडवलं नाही ना? मग पराक्रमाच्या तक्त्यात कसं लिहू?"

"युद्ध पेटलेलं असताना असल्या संथ विमानातून समुद्रावर जायचं, याहून वेगळा पराक्रम कोणता? आणि एक सांगतो. आमच्या मिलमध्ये प्रत्येक प्लेटवर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या कुठल्या ओतातली ती प्लेट त्याचा क्रमांक, ठोकलेला असायचा. बिननंबरची प्लेट बाहेर पडत नसे. ती पुढे कुठेही लागो, कुठल्या हीटची हे कळलंच पाहिजे. लोखंडाची आपण एवढी नोंद ठेवतो, आणि माणसं गेली की नुसतं 'एक विमान' लिहून मोकळं व्हायचं?"

मुलीने खोडरबर उचललं. 'एक अलिझे विमान' पुसून तिथे तिघांची नावं लिहायला घेतली. खुकरीपुढे मुल्लांचं नाव आणि गेलेल्या 194 जणांचा उल्लेखही आला. जागा पुरेना, तेव्हा तिने भिलाईच्या पोलादाची ती ठळक ओळ पुसली आणि बारीक अक्षरांत पुन्हा लिहिली. शाळेत तक्ता समजावून सांगताना तिने सुरुवात त्या तीन नावांपासून केली.

बोध : युद्धाच्या हिशेबात विमान एक असतं, पण त्यात बसलेली माणसं कुणाची तरी असतात. आपल्या अभिमानाची ओळ थोडी लहान करावी लागली तरी चालेल. जे आपल्यासाठी गेले त्यांची नावं ठाऊक करून घ्यावीत आणि पुढच्यांना सांगावीत. त्यांचं एवढं देणं आपण लागतोच.