राजनिष्ठेच्या शपथेतला देव

अमेरिकेत 14 जून हा ध्वजदिन म्हणून पाळला जातो. 1954 साली त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका छोट्या कायद्यावर सही केली आणि शाळाशाळांतून रोज सकाळी म्हटल्या जाणाऱ्या ध्वजप्रतिज्ञेत हे राष्ट्र ईश्वराच्या अधीन असल्याचा उल्लेख आला. पुढच्या वर्षी सगळ्या चलनावर ‘आमचा देवावर भरवसा आहे’ हे वचन छापण्याचा कायदा झाला आणि 1956च्या जुलैमध्ये तेच वचन राष्ट्राचे अधिकृत ब्रीद ठरले. ज्या देशाच्या राज्यघटनेतील पहिल्याच दुरुस्तीने सरकारला धर्म स्थापन करण्याची मनाई केली, त्या देशाला जेमतेम दोन वर्षांत देवाची एवढी निकड का भासावी? याचे उत्तर साम्यवादाच्या भयात आहे. प्रश्न मात्र त्या काळापुरता नाही. देव नाकारणाऱ्या राजवटीशी झुंजताना राज्यसंस्थेने देवावरील श्रद्धा हा नागरिकाच्या निष्ठेचा पुरावा मानावा काय? मानू नये, असे माझे मत आहे. तसे केल्याने श्रद्धेचे अवमूल्यन होते आणि ज्याच्याशी लढायचे त्याचाच सिद्धांत आपण उचलून धरतो.

ते भय पोकळ नव्हते, हे आधीच मान्य केले पाहिजे. महायुद्ध संपून चार-पाच वर्षे होतात तोच पूर्व युरोप मॉस्कोच्या पकडीत गेला. 1949च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाने अणुस्फोट घडवला, ऑक्टोबरमध्ये चीन माओच्या हाती गेला आणि 1950च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. श्रद्धावंतांना धास्ती वाटावी अशी कारणे तर त्याहून जुनी होती. मॉस्कोतले ‘तारणहार ख्रिस्ता’चे भव्य कॅथीड्रल 1931 साली सुरुंग लावून पाडण्यात आले होते. हजारो धर्मगुरू छळछावण्यांत गेले. 1949च्या फेब्रुवारीत हंगेरीतील कार्डिनल मिंडसेंटी यांना देखाव्याचा खटला चालवून जन्मठेप देण्यात आली. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी साम्यवादी मताचा पुरस्कार करणाऱ्या कॅथलिकांना धर्मबहिष्कृत ठरवले. साम्यवाद हा नुसता अर्थविचार नाही, तो माणसाच्या अंतःकरणावरही हक्क सांगतो, हे अमेरिकन माणसाचे निदान बरोबरच होते. चुकला तो उपाय.

निदान असे असेल तर त्यातून निघणारा सरळ उपाय म्हणजे अंतःकरणावर सरकारचा हक्क नाही, हे तत्त्व अधिक घट्ट धरणे. घडले उलटे. 1947च्या मार्चमध्ये ट्रूमन यांनी काढलेल्या आदेशाने केंद्र सरकारच्या लाखो नोकरांची निष्ठा तपासली जाऊ लागली. कोणत्या संस्थेशी सहानुभूती होती हा त्यात दोषाचा निकष ठरू लागला आणि आरोप करणारा कोण, हेही आरोपीला अनेकदा कळत नसे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1950 साली साम्यवादविरोधी शपथेवर सही न करणाऱ्या 31 अध्यापकांना काढून टाकले. माणसाने काय केले यापेक्षा तो मनात काय मानतो याची चौकशी एकदा सुरू झाली, की तिला धर्मापाशी थांबण्याचे कारण उरत नाही. 1954च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनमधल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये आयझेनहॉवर यांच्यासमोर पाद्री जॉर्ज डॉकर्टी यांनी जे प्रवचन दिले, त्यात ही चौकशी तिच्या तार्किक टोकाला पोचलेली दिसते. त्यांचा मुद्दा असा होता की देवाचा उल्लेख नसलेली प्रतिज्ञा मॉस्कोची मुलेही आपल्या विळा-हातोड्याच्या झेंड्यापुढे म्हणू शकतील. नास्तिक माणूस चांगला शेजारी असू शकतो हे त्यांनी मान्य केले, पण नास्तिक अमेरिकन ही गोष्टच त्यांना परस्परविरोधी वाटली. चार महिन्यांत कायदा झाला.

या युक्तिवादात दडलेली कबुली फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. नागरिकत्वाची खरी कसोटी नागरिकाच्या मनातल्या सिद्धांतात असते, हा मूळ विचार सोव्हिएत राजवटीचा होता. तिथे साम्यवाद्यांच्या दृष्टीने श्रद्धाळू माणूस अर्धवट नागरिक होता, इथे अश्रद्ध माणूस अर्धवट नागरिक ठरला. आशय बदलला, साचा तोच राहिला. शिवाय, धर्म हा सत्ताधारी व्यवस्थेच्या कामी येणारा सेवक असतो, हा मार्क्सचा आरोप. त्याला उत्तर द्यायचे तर धर्म सत्तेपासून वेगळा उभा राहतो, प्रसंगी तिला जाब विचारतो, हे दाखवायला हवे होते. त्याऐवजी देवाला शीतयुद्धाच्या कामावर नेमून अमेरिकेने त्या आरोपाला जिवंत दाखला मिळवून दिला. सरकार दृढ धर्मश्रद्धेवर उभे असले पाहिजे, मग ती श्रद्धा कोणती का असेना, अशा आशयाचे उद्गार आयझेनहॉवर यांनी 1952च्या डिसेंबरमध्ये काढले होते. त्यातला उदारपणा खरा आहे, पण श्रद्धा कशावर याला महत्त्व नाही आणि ती राज्याच्या उपयोगी पडते एवढ्यालाच महत्त्व आहे, असे म्हटल्यावर उरतो तो धर्म नव्हे, धर्माचा गणवेश. आणि ही मूळ प्रतिज्ञा 1892 साली लिहिणारे फ्रान्सिस बेलामी हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते, ख्रिस्ती समाजवादीही होते. तरी त्यांना तिच्यात देव घालण्याची गरज वाटली नव्हती.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो व्हिटेकर चेंबर्स यांच्यासारख्यांचा. एके काळी सोव्हिएत हेरगिरीत सामील असलेल्या चेंबर्स यांनी 1952च्या ‘विटनेस’ या आत्मकथनात साम्यवाद ही स्वतःच एक श्रद्धा आहे, देवावाचून माणसाला सर्वोच्च मानणारी श्रद्धा आहे, अशी मांडणी केली. श्रद्धेचा मुकाबला श्रद्धाच करू शकते, कोरडे कायदे नव्हेत. हे म्हणणे मला पुष्कळ अंशी पटते. परंतु त्यातून सरकारी श्रद्धेचे समर्थन निघत नाही. पोलंडचा दाखला घ्या. तिथल्या साम्यवादी सत्तेला हादरे देणारे चर्च राज्याच्या शिक्क्यावर जगत नव्हते, राज्याच्या विरोधात तगून होते. 1979च्या जूनमध्ये पोप दुसरे जॉन पॉल मायदेशी आले तेव्हा लोटलेले लाखो लोक कुणाच्या हुकमाने आले नव्हते, आणि पुढच्याच वर्षी ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी मार्क्सला दिलेले उत्तरही धार्मिकच होते. 1956च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूत बोलताना त्यांनी दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय बुद्ध आणि मार्क्स यांना समान असल्याचे मानले, पण हिंसा आणि हुकूमशाही ही साधने नाकारून मन बदलणाऱ्या धम्माचा मार्ग सुचवला. त्याआधी महिनाभर नागपुरात लाखोंनी घेतलेली दीक्षा स्वेच्छेची होती. श्रद्धेचे सामर्थ्य ती निवडलेली असण्यात असते. ते सरकारी आदेशातून आणता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रतिज्ञेतला उल्लेख निरुपद्रवी, निव्वळ रिवाजाचा भाग आहे. 1776च्या जाहीरनाम्यातही निर्मात्याचा उल्लेख आहेच. शिवाय 14 जून 1943 रोजी, म्हणजे ध्वजदिनीच आणि ऐन युद्धात, सर्वोच्च न्यायालयाने ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाच्या मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला होता, तेव्हा नको असेल त्याने गप्प राहावे. पण रिवाज जर इतका पोकळ असेल तर त्यातून साम्यवादाचा पराभव कसा व्हायचा? आणि तो अर्थपूर्ण असेल तर वेगळे मानणाऱ्याच्या नागरिकत्वावर तो शेरा मारतोच. दहा वर्षांच्या मुलाने भरल्या वर्गात एकट्याने गप्प राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. शिवाय निष्ठेची परीक्षा घेण्याची सवय श्रद्धाळूंनाही सोडत नाही. 1953 साली साम्यवाद्यांचा शोध घेणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या समितीचे नवे कर्मचारीप्रमुख जे. बी. मॅथ्यूज यांनी प्रॉटेस्टंट धर्मगुरूंवरच साम्यवाद्यांना साथ दिल्याचा आरोप केला, आणि त्यापायी मॅथ्यूज यांना पद सोडावे लागले. कॅलिफोर्नियात करसवलत हवी असलेल्या चर्चनाही निष्ठेचे शपथपत्र भरावे लागे. लॉस एंजेलिसच्या युनिटेरियन चर्चने ते नाकारले, सवलत गमावली आणि 1958 साली सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळवला. देवाच्या नावाने सुरू झालेल्या लढाईत चर्चलाच सरकारपुढे आपली निष्ठा सिद्ध करावी लागली.

तिसरा आक्षेप टाळता येणार नाही. हेर खरोखरच होते. सोव्हिएत तारांचा उलगडा करणाऱ्या ‘व्हेनोना’ प्रकल्पाची कागदपत्रे 1995 साली खुली झाल्यावर त्याबद्दल शंका राहिली नाही. पण अणुबॉम्बची माहिती रशियाला पुरवणाऱ्या क्लाउस फुक्सचा माग लागला तो याच तारांच्या उलगड्यातून, म्हणजे कृत्याच्या पुराव्यातून. गुप्तहेर शपथ घ्यायला कधीच कचरत नाही, ती तर त्याच्या धंद्याची पहिली पायरी असते. शपथेपाशी अडतो तो प्रामाणिक माणूस. न्यायालयालाही हे हळूहळू उमगले. 1951 साली त्याने साम्यवादी पक्षाच्या 11 नेत्यांची शिक्षा कायम केली होती. 1957 साली त्याने सिद्धांताचा प्रचार आणि प्रत्यक्ष कृतीची चिथावणी यांत रेषा ओढली, आणि 1961 साली सरकारी पदासाठी देवावरील विश्वासाची अट घालणारा मेरिलँडचा नियम एकमताने रद्द केला.

भारतापुढेही हाच प्रश्न त्याच सुमारास आला होता. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी संविधानाची उद्देशिका देवाच्या नावाने सुरू करावी अशी दुरुस्ती मांडली. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांनी ती उद्देशिकेतल्याच विचार, विश्वास आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी विसंगत असल्याचे दाखवले. ती 68 विरुद्ध 41 मतांनी फेटाळली गेली. फेटाळणाऱ्यांत देव मानणारे थोडे नव्हते. पदाची शपथ देवाच्या नावाने घ्यावी की गांभीर्याने प्रतिज्ञा करावी, हा निर्णय आपल्या संविधानाने ज्याचा त्याच्यावर सोडला. श्रद्धा आणि राज्य या दोघांचाही मान राखणारी व्यवस्था ती हीच. शत्रू कितीही मोठा असो, नागरिकाच्या देवघरात डोकावण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला मिळत नाही, आणि तो मागणाऱ्या सरकारला सर्वांत आधी श्रद्धावंतांनीच नकार द्यायला हवा.