थापेआधीचं ऐकणं

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एक परिच्छेद संपला की थोडं थांबा, मगच पुढच्याकडे वळा. दोन्ही तळवे मांडीवर मोकळे सोडा. हातांना आत्ता काहीच काम नाही. ढोल, ढोल वाजवणारे आणि जुन्या कातडी वाद्यांवरचा त्यांचा जीव, याचा आज विचार करायचा आहे. त्यासाठी कान पुरेत.

आधी आठवा, आयुष्यात कानावर पडलेला पहिला ढोल. नाशिकच्या माणसाला फार शोधावं लागत नाही. अनंत चतुर्दशीची दुपार आहे. वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली आहे आणि आपण मेनरोडच्या गर्दीत मोठ्या माणसांच्या पायांमध्ये उभे आहोत. गणपती अजून दिसत नाही, पथकही दिसत नाही, पण दणका येऊन पोचला आहे. तो कानाआधी छातीत शिरतो. दुकानांची तावदानं किणकिणतात. कुणी काही शिकवत नाही, तरी आतमध्ये काहीतरी आपोआप मोजायला लागलेलं असतं. ते मोजणं आठवा, आणि थोडा वेळ तिथेच थांबा.

या शहराचं नाव ढोलाशी जोडलं गेलं आहे. पार केरळातल्या मिरवणुकांमध्येही ‘नाशिक ढोल’ याच नावानं पथकं वाजवतात. गावाचं नाव वाद्याला मिळतं, तेव्हा त्यामागे कित्येक पिढ्यांचं वाजवणं असतं आणि तितकंच रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्यांचं ऐकणंही असतं. धुळवडीला वाजतगाजत गोदेवर नेले जाणारे वीर, रंगपंचमी, जत्रा, लग्नाच्या वराती. इथलं पोर चालायला शिकण्याआधी ठेका ऐकतं.

म्हणून ढोलवाल्याला, ताशेवाल्याला, तबलजीला विचारलं की सुरुवात कशी झाली, तर उत्तरं जवळजवळ सारखीच येतात. शाळेचा बाक, रिकामा डबा, पाण्याचं पिंप. ‘डोकं उठवू नकोस रे’ म्हणून आईचं ओरडणं. मग कधीतरी पावसाळ्याच्या तोंडाशी पथकाचं वाद्यपूजन होतं, संध्याकाळचा सराव सुरू होतो आणि पोरगं मैदानाच्या कडेला जाऊन उभं राहतं. रोज येतं म्हणून कुणीतरी दादा त्याच्या हातात टिपरू देतो. ढोल कमरेला बांधला जातो. पहिल्या काही दिवसांत बोटांना फोड येतात, ते फुटतात, त्यांवर चिकटपट्ट्या चढतात. हात असे हळूहळू तयार होतात, कान मात्र कधीचे तयार असतात. तुम्ही वाजवत असाल तर तुमचे कान कुठे तयार झाले ते आठवा. वाजवत नसाल तरी आठवा, कारण ठेका चुकला की तुम्हालाही कळतं.

आता एका फार जुन्या गोष्टीपाशी जाऊ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अवनद्ध वाद्यांच्या, म्हणजे चामडं मढवलेल्या वाद्यांच्या अध्यायात ती येते. पावसाळ्याचा दिवस. स्वाती नावाचे ऋषी पाणी आणायला जलाशयावर गेले. आभाळ फुटलं आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या सरी कमळाच्या पानांवर कोसळू लागल्या. पानं सारखी नव्हती. काही मोठी, काही मध्यम, काही लहान. प्रत्येकावरचा आवाज वेगळा होता. स्वाती ऐकत राहिले, ते आवाज मनात धरून आश्रमात परतले आणि मग विश्वकर्म्याच्या मदतीनं त्यांनी मृदंग आणि पुष्कर वाद्यं घडवली.

या गोष्टीत जरा रेंगाळा. हिच्यात पहिला वादक काहीच वाजवत नाही. तो हातातलं काम विसरून पावसात उभा आहे. आवाज त्याचा नाही, पाण्याचा आणि पानांचा आहे. तो मनात साठवून घरी आणणं आणि दुसऱ्याच्या हातांच्या साहाय्यानं त्याला शरीर देणं, एवढंच त्यानं केलं. ऐकणं, लक्षात ठेवणं, मग घडवणं. थाप या सगळ्याच्या शेवटी येते.

आता कातडं डोळ्यांसमोर आणा. बकऱ्याचं कातडं पाण्यात भिजत पडलं आहे. भिजून ते मऊ होतं, हातात घेतलं तर घसरतं. त्यावरचे केस खरवडून काढले जातात. मग ओलं असतानाच ते कड्यावर चढवायचं, कडेनं भोकं पाडायची, दोरी ओवायची आणि या तोंडाकडून त्या तोंडाकडे तिरकी नेत ओढायची. ओढणारा मधूनमधून बोटानं टिचकी मारतो. एका बाजूला आवाज खोल, दुसऱ्या बाजूला चढा, असं चालत नाही. जिथे खोल तिथे दोरी आणखी आवळायची. वाळताना कातडं आक्रसतं आणि स्वतःच स्वतःला ताणून घेतं. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे जनावराच्या कण्याची रेषा. मढवलेली दोन पानं सारखी निघत नाहीत. मढवणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्यानं ऐकावं लागतं.

वाजवणाऱ्याचीही यातून सुटका नाही. कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं आणि आवाज बसतो. उन्हात किंवा आगीजवळ ते आवळतं आणि आवाज चढतो. म्हणून हलगीवाले काड्याकुड्या, पाचट पेटवून हलगी शेकतात. गोल फिरवत धग द्यायची, मध्येच बोट मारून पाहायचं, अजून थोडी, आता बस. जरा जास्त झालं तर कातडं तडकतं. हा अंदाज कुठे लिहिलेला नाही. तो शेजारी बसून, ऐकून येतो.

आणि आपला गणपती तर भाद्रपदात येतो. आभाळ भरलेलं, हवा दमट, मिरवणूक मध्यावर असताना सर कोसळायची. कातडी ढोल भिजला की दिवसभरासाठी गेला. म्हणून फायबरची पानं आली आणि टिकली. हे पान पाणी पीत नाही, पावसातही तसंच वाजतं, फुटलं तर बदलता येतं. एकसारख्या आवाजाचे ढोल रांगेत उभे राहू शकले. पथकं मोठी झाली, मुलींनी कमरेला ढोल बांधले, ज्यांच्या घरात वाजवण्याची परंपरा नव्हती अशी मुलं त्यात आली. हे फार मोठं आहे, आणि या मननात त्याबद्दल कृतज्ञता धरायची आहे. पावसानं स्वातींना वाद्य दिलं, पावसानंच आपल्या रस्त्यांवरून कातडं मागे सारलं. दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवून पाहा.

मग जुन्या वाद्याचा लळा का लागतो? फायबरवर पाच-सहा वर्षं वाजवलेला एखादा वादक कातडी ढोलावर पहिली थाप मारतो आणि थबकतो, तो कशामुळे? आवाजात त्याचं एक उत्तर आहे. प्लास्टिकच्या पानातून वरचे टणत्कारी स्वर जास्त निघतात आणि लांबतात. कातडं ते लवकर गिळून टाकतं आणि खालचा खर्ज तेवढा उरतो. पण दुसरं उत्तर मला जास्त खरं वाटतं. कातडी वाद्य वादकाला विचारतं. आज हवा कशी आहे, काल मला कुठे ठेवलं होतंस, तुझा तळवा कोरडा आहे की घामेजलेला? सकाळी एक सांगतं, संध्याकाळी दुसरं. त्याला ऐकल्याशिवाय वाजवता येत नाही. वादकाला त्यात आपली सुरुवात पुन्हा सापडते.

ही ओढ आपल्यापुरतीच आहे असंही नाही. पाश्चात्य ड्रमसेटवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वासराचं कातडंच असे. १९५७ साली अमेरिकेत रेमो बेली यांची कंपनी निघाली, पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याची पानं बाजारात स्थिरावली आणि थोड्याच वर्षांत कातडं मागे पडलं. आज तिथलेही काही ड्रमर लुडविग, ग्रेच, स्लिंगरलँड या कंपन्यांचे जुने सेट शोधून आणतात, त्यांवर कातडं चढवतात आणि हवा दमट झाली की स्क्रू आवळत बसतात. ते तक्रार करत नाहीत. त्यांना तेच हवं असतं.

नाशिक जिल्ह्यात तर जुनं शोधायला दूर जावं लागत नाही. सप्तशृंगीच्या कुळाचाराला गोंधळी येतो तेव्हा त्याच्या कमरेला संबळ असतो. दोन जोडलेली भांडी, एक खर्जाचं, एक चढ्या आवाजाचं, दोन काड्या, त्यातली एक टोकाला वळलेली. पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात लाकडी मुखवटा घातलेला देव संबळ-पिपाणीच्या चालीवर पुढे येतो. आणि पौषातल्या वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंड्या येतात, त्यांच्याबरोबर पखवाज येतात.

त्या पखवाज्याच्या शेजारी मनानं बसा. भजनाला अजून वेळ आहे. त्यानं कणकेचा गोळा आणला आहे. तो त्याला पाण्याचा हात लावून मळतो, डाव्या पुडीच्या मध्यावर थापतो, अंगठ्यानं कडा दाबून बसवतो. थाप मारून ऐकतो. आवाज अजून वर आहे, आणखी चिमूटभर कणीक लावतो. पुन्हा थाप. आता डावा तोंड भरून बोलतो. मग उजवी पुडी, गट्ट्यांवर हातोडीचे हलके ठोके, टाळकऱ्यांच्या सुराकडे कान. उजव्या पुडीवरच्या शाईचं, म्हणजे मधल्या काळ्या लेपाचं, शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडलं. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या वजनामुळे ते जुळतात आणि म्हणून मृदंग-तबल्यातून स्वर ऐकू येतो. रामन यांनी ते प्रयोगांनी दाखवलं. आपल्या कारागिरांनी ते कानानं आधीच साधलं होतं.

आता मननातला अवघड भाग. इथे आणखी सावकाश जा. हे कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, कुणी मढवलं? लग्नात, जत्रेत, मर्तिकात कुणी वाजवलं? ज्यांनी हे केलं त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. वाद्य शुभ आणि वाजवणारा अस्पृश्य, अशी ती रीत होती. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटानं चालवला, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी गावकीची लादलेली कामं टाकली आणि त्यांबरोबर खांद्यावरचं वाद्यही उतरवून ठेवलं.

जुन्या ढोलावर प्रेम करणाऱ्यानं त्या उतरवून ठेवण्याचंही ऐकलं पाहिजे. त्यात वाद्याचा राग नव्हता, सक्तीचा नकार होता. आणि पुढे काय झालं तेही ऐका. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी लिहिली, गावोगाव गायली. त्यांच्या गाण्याला ढोलकीची साथ होती. तेच कातडं, पण आता ते कुणाच्या हुकमानं वाजत नव्हतं. वाजवणाऱ्यानं आपल्या मर्जीनं, आपल्या माणसांसाठी ते हाती घेतलं होतं. या दोन थापांमधलं अंतर ओळखायला शिका. जुनं जपताना त्यातली सक्ती जपायची नाही आणि तिचा विसरही पडू द्यायचा नाही.

आता मांडीवरचे तळवे पाहा. मनन इथे संपत आलं, पण त्यातून करण्यासारखं काही हाती यावं.

या वर्षी मिरवणुकीत एखाद्या पथकासमोर उभे राहाल तेव्हा मोबाइल खाली ठेवा आणि एकाच ढोलाच्या मागे कान लावून पूर्ण ठेका ऐका. घरात जुनी ढोलकी, तबला, डफ पडला असेल तर खंडेनवमीला हळदकुंकू वाहून परत माळ्यावर टाकू नका. मढवणाऱ्याकडे न्या, तो काम करत असताना शेजारी बसा आणि त्याला विचारा, तो सांगेल. आणि तुम्ही पथकात असाल तर माझी एक कळकळीची मागणी आहे. फायबरच्या शंभर ढोलांत कातडी पानाचे दोन तरी ढोल असू द्या. सरावाच्या काळात ते मढवायला कारागिराला मैदानावर बोलवा, नव्या मुलांना त्याच्याभोवती बसवा, त्यांच्या हातून दोरी ओढून घ्या. त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. वाद्यपूजनाच्या दिवशी पहिला नारळ त्याच्या हातानं फुटू द्या. ढोल वाजवायला शिकवणारे पुष्कळ आहेत. ढोलाचं ऐकायला शिकवणारा तो आहे, आणि त्याची जागा पथकाच्या पहिल्या रांगेत आहे.